ठाण्याच्या नौपाड्यातलं रुग्णसाहित्य केंद्र: घरात लहान मूल असेल आणि ऑपरेशन ठरलं असेल, तर आधी इथे जा

पाचपैकी चार तारे, आणि तेही मनापासून. एक तारा कशाचा कापला ते पुढे येईलच. पण आधी हे सांगतो की अशा केंद्रांत लोक सहसा आजी-आजोबांचा वॉकर, कमोडची खुर्ची, ऑक्सिजनचं मशीन डिपॉझिट भरून तात्पुरतं वापरायला न्यायला येतात. माझं तसं नव्हतं. मी 42 वर्षांचा, घरात साडेतीन वर्षांची मुलगी, आणि मेंदूतल्या नसेचं ऑपरेशन ठरलेलं. माझ्यासारख्या माणसाला इथे काही मिळेल असं मला वाटलंही नव्हतं. बायको म्हणाली, विचारून तर ये.

आजाराचं नाव ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी जी नस आहे, डॉक्टर तिला पाचवी नस म्हणतात, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी टेकलेली असते. ती ठोक्याठोक्याला नसेवर दाब देत राहते, नसेवरचं आवरण झिजतं, आणि मग गालाला पंख्याचा वारा लागला तरी करंट बसल्यासारखी कळ जाते. काही सेकंदांची असते, पण माणूस जागच्या जागी थिजतो. दाढी करताना, दात घासताना, पहिला घास चावताना. अनेकांना आधी दाढच दुखतेय असं वाटतं, मलाही तसंच वाटलं होतं. माझी डावी बाजू. मुलगी लाडाने गालाला हात लावायला आली की मी मान फिरवायचो, आणि तिला कळायचं नाही की बाबा असं का करतोय.

कार्बामाझेपिन नावाच्या गोळीने वर्षभर निभावलं. मग डोस वाढत गेला तशी झोप अनावर व्हायला लागली, शब्द आठवेनात, तिला स्कूटरवर पुढे उभं करून न्यायची भीती वाटायला लागली. तेव्हा ऑपरेशनचा निर्णय घेतला. कानामागे छोटी खिडकी उघडून, मायक्रोस्कोपखाली ती रक्तवाहिनी नसेपासून सोडवतात आणि मध्ये टेफ्लॉनच्या तंतूंची गादी ठेवतात. मायक्रोव्हॅस्क्युलर डिकॉम्प्रेशन म्हणतात. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डॉ. पीटर जॅनेटा यांनी हे ऑपरेशन रूढ केलं. त्यांच्याकडच्या हजारावर रुग्णांचा अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला, त्यात दहा वर्षांनंतरही सुमारे 70 टक्के लोक गोळीशिवाय वेदनामुक्त होते. आमच्या डॉक्टरांनी हा आकडा सांगितला आणि लगेच उरलेल्या 30 टक्क्यांबद्दलही बोलले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

रुग्णालयातून घरी कधी सोडतील, टाके कधी काढतील, किती दिवस वजन उचलायचं नाही, हे सगळं लिहून मिळालं. पण त्या कागदावर रुग्ण एकटाच असतो. त्याच्या अंगावर उडी मारणारं, रात्री दोनला पाणी मागणारं, शाळेतून सर्दी घेऊन येणारं कुणी तिथे नसतं.

केंद्र नौपाड्यात, गोखले रोडवरून आत वळल्यावर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. आत पाऊल टाकल्यावर डाव्या हाताला घडी केलेल्या व्हीलचेअर, मागे भिंतीला टेकवलेले वॉकर, वर माळ्यावर एअर बेडच्या गुंडाळ्या. मी यादी करून गेलो होतो: वरखाली होणारा फाउलर पलंग, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर. काउंटरवरच्या काकूंनी यादी वाचली आणि पहिला प्रश्न केला, "घरात लहान मूल आहे का?"

आहे म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग पलंग नेऊ नका. एक तर तो उंच, ती तुमच्यापाशी येणार कशी? चढायला बघेल आणि पडेल. आणि हे बघा." मला मागच्या खोलीत नेऊन त्यांनी पलंगाच्या पायाशी असलेलं हँडल फिरवून दाखवलं. डोक्याकडचा भाग वर उचलला जातो तेव्हा चौकट आणि पत्रा यांच्यामध्ये फट उघडते आणि खाली येताना ती मिटते. "इथे बोट घालतात पोरं. मोठ्यांचं लक्ष पेशंटकडे असतं ना." हँडलही बाहेर आलेलं, बरोबर तिच्या कपाळाच्या उंचीवर.

त्याआधी एका खासगी एजन्सीला फोन केला होता. त्यांनी मोटरचा पलंग सुचवला, किमान महिनाभराचं भाडं आगाऊ, वर तिसऱ्या मजल्यावर चढवायचे वेगळे पैसे. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. घरात कोण कोण आहे हे त्यांनी विचारलं नाही, आजार कोणता हेही नाही. काकूंनी मात्र आधी घर समजून घेतलं, मग वस्तू काढल्या. या एका गोष्टीसाठी मी हा अभिप्राय लिहायला बसलोय.

शेवटी नेलं काय, तर बॅकरेस्ट, आंघोळीची खुर्ची, आणि एक बिनतारी बेल. व्हीलचेअर नेऊ नका असं त्यांनी म्हटलं नाही, फक्त म्हणाल्या की डॉक्टर चालायला सांगतील, गरज पडली तर भावाला पाठवा, तासात मिळेल. खरोखरच लागली नाही.

बॅकरेस्टबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळा मुक्काम त्याच्यावर झाला. लोखंडी चौकट, मधे नायलॉनच्या पट्ट्या विणलेल्या, मागे टेकूची दांडी आणि ती अडकवायला खाचा. गादीवर ठेवायचा, उशी लावायची, झालं. डोकं साधारण 30 अंश वर ठेवून झोपा असं आम्हाला सांगितलं होतं, त्याने डोक्यातला दाब आणि सूज कमी राहायला मदत होते. काकूंनी पुतण्याच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून कुठली खाच ते बघितलं आणि त्या खाचेला लाल दोरा बांधून दिला. रात्री अंधारात आई पुन्हा लावायची तर हाताला दोरा लागायचा, दिवा लावावा लागत नव्हता. आपल्याच पलंगावर, आपल्याच उंचीवर झोपल्यामुळे मुलगी नेहमीसारखी चढून शेजारी येऊ शकली. तिला सांगायला लागलं नाही की बाबाची खोली आता वेगळी आहे.

एक गोष्ट आम्हाला नंतर सुचली ती इथे सांगून ठेवतो. ऑपरेशन डाव्या कानामागे, तर मुलीची जागा उजवीकडे करा, आणि पलंगाची डावी बाजू भिंतीला लावा. हे घरी आल्यावर नाही, आठवडाभर आधी करा, म्हणजे तिची सवय मोडते. माझा डावा कान सुरुवातीला पाणी गेल्यासारखा दडे धरून होता. कानामागच्या हाडातल्या पोकळ्यांत द्रव साचल्याने असं होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. काही जणांची ऐकण्याची शक्ती मात्र कायमची कमी होऊ शकते, तो या ऑपरेशनचा एक माहीत असलेला धोका आहे. अशा वेळी मूल दडे बसलेल्या कानाकडे झोपलं तर रात्री हाक मारलेली कळत नाही. उजवीकडे असली की कळते.

उचलून घेण्याचं दुखणं सगळ्यात मोठं. तिचं वजन 14 किलो आणि मला सुरुवातीच्या आठवड्यांत चार-पाच किलोंच्या वर काहीही उचलायला मनाई. पाण्याची भरलेली बादलीही नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीला "बाबाला बरं नाही" एवढं सांगून भागत नाही. त्यामुळे आम्ही ऑपरेशनच्या आधीच नवी पद्धत बसवली: बाबा खुर्चीत बसणार, तू चौरंगावर चढणार, उजव्या बाजूने मिठी. उचलणं बंद आहे असं तिला वाटण्याआधी ही पद्धत जुनी झाली होती. चौरंग देव्हाऱ्याखालचा होता, आईने देवाला पाटावर बसवलं आणि चौरंग मोकळा करून दिला.

इथेच केंद्राला एक सूचना करावीशी वाटते. तुमच्याकडे मोठ्यांसाठी सगळं आहे, पण न घसरणारं, रुंद पायाचं लहान स्टूल नाही. पलंगाच्या कडेला लावायचा जाळीचा कठडा नाही. आई किंवा बाप अंथरुणात असताना मुलाला सुरक्षितपणे जवळ आणणाऱ्या वस्तू हे तुमच्याच कामाचं अंग आहे. सिझेरियनने बाळंत झालेल्या आयांनाही लागतील.

बेल साधीच, दाराला लावतात तसली. बटण माझ्या उशाशी, आवाजाचा डबा स्वयंपाकघरात. आईला हाक मारायला ओरडावं लागायचं नाही, आणि ओरडलं की डोकं ठणकायचं हे त्या दिवसांत फार जाणवलं. पण मुलीला बटण सापडलं आणि तिने ते वाजवत सुटायला सुरुवात केली. मग नियम केला की दुपारी आजीला चहाची आठवण करून द्यायची बेल तिनेच वाजवायची. तेवढं काम मिळाल्यावर बाकीच्या वेळी तिने हात लावला नाही.

आता तारा का कापला ते. आंघोळीच्या खुर्चीच्या एका पायाचं रबर झिजलेलं होतं. चक्कर येण्याची शक्यता असते म्हणूनच ती खुर्ची नेतात, या ऑपरेशनमध्ये तोल सांभाळणाऱ्या नसांच्या जवळच काम होतं. आणि तीच खुर्ची ओल्या लादीवर सरकली. बायको धरून होती म्हणून पडलो नाही. फोन केल्यावर काकूंनी लगेच चूक मान्य केली आणि रबर बदलून देते म्हणाल्या, पण घेऊन यावं लागलं आम्हालाच, आणि दुपारी केंद्र बंद असल्यामुळे भाऊ संध्याकाळी डोंबिवलीहून येईपर्यंत आंघोळ राहिली. अंगपुसणीवर भागवलं. वस्तू देताना चारही रबरं दाबून बघायला एक मिनिट लागतं. कृपा करून ते करत जा. नेणाऱ्यांनीही खुर्ची तिथेच फरशीवर ठेवून, बसून, हलवून बघा.

दुसरी तक्रार पोहोचवण्याची. टेम्पो आपला आपण बघायचा. बॅकरेस्ट आणि खुर्ची रिक्षात बसतात, पण पलंग नेणाऱ्यांची अडचण होत असणार. केंद्र सेवाभावाने चालतं, माणसं मोजकी आहेत, त्यामुळे यासाठी तारा कापलेला नाही.

घरी परतायची वाट हाही तयारीचाच भाग आहे. परळच्या रुग्णालयातून ठाण्यापर्यंत ईस्टर्न एक्सप्रेस हायवे तसा बरा, पण तीन हात नाक्यावरून आत वळल्यावरचा प्रत्येक गतिरोधक कानामागे जाणवतो. काकूंनीच मानेला घोड्याच्या नालेसारखी उशी न्या म्हणून सांगितलं, ती विकतची होती, त्यांच्याकडची नव्हे. मानेचे स्नायू ऑपरेशनसाठी बाजूला केलेले असतात, त्यामुळे मान आखडते आणि ते दुखणं डोक्यापेक्षा जास्त दिवस पुरतं. गाडी दुपारी, मुलगी शाळेत असताना आणली. ती घरी येईपर्यंत मी उशीला टेकून बसलेला असावा, धापा टाकत जिन्यावर नसावा, असा बायकोचा आग्रह होता आणि तो बरोबर होता.

शाळेचं काम मात्र आधीच उरकून ठेवा. आमच्या शाळेत मुलाला घ्यायला येणाऱ्याचं फोटोचं कार्ड लागतं, आजीचं आणि काकाचं करून घेतलं. स्कूटर चालवायची परवानगी मला डॉक्टरांनी तपासल्यावरच मिळणार होती.

औषधांचं बोलायलाच हवं. ऑपरेशन झालं आणि कळ थांबली म्हणून कार्बामाझेपिन एकदम बंद करायची नसते, डॉक्टर हळूहळू उतरवतात. म्हणजे घरात त्या गोळ्या आहेतच, शिवाय दुखण्याच्या, उलटीच्या. आजारी माणसाच्या उशाशी औषधाचा डबा ही आपल्याकडची पद्धत. घरात लहान मूल असेल तर ती मोडा. आमचा डबा स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या कपाटात, कडी लावून. वेळ झाली की बायको किंवा आई एकच मात्रा हातावर आणून द्यायची आणि माझ्या घशाखाली उतरेपर्यंत उभी राहायची.

आणि सर्दी. बालवाडीतलं मूल म्हणजे घरात शेंबूड आलाच. या ऑपरेशननंतर नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. कारण मेंदूभोवतीचं पाणी क्वचित नाकातून किंवा जखमेतून झिरपू शकतं. ते पाण्यासारखं स्वच्छ असतं, बहुधा एकाच नाकपुडीतून, पुढे वाकलं की टपकतं, घशात उतरलं तर खारट लागतं. मुलीकडून सर्दी लागली तर हे आणि ते वेगळं कसं ओळखणार? ओळखायच्या भानगडीत पडायचं नाही, रुग्णालयात फोन करायचा, असं आम्हाला बजावलं होतं. एकदा केलाही. साधी सर्दीच निघाली, पण फोन घेणाऱ्या सिस्टरांनी "केलंत ते बरं केलंत" म्हटलं. फ्रिजवर कागद लावला होता: ताप, मान वाकवता न येणं, वाढत जाणारी डोकेदुखी, सारखी उलटी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, जखमेतून ओल, नाकातून पाणी. यातलं काहीही दिसलं तर कुणाला फोन करायचा ते नंबरासकट. आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

जेवणाचं आईवर सोपवलं होतं. मुगाची खिचडी, पपई, रात्री इसबगोल. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट घट्ट होतं आणि जोर करणं या दिवसांत अगदी वाईट. गालाचा थोडा भाग बधिर होता, त्यामुळे गरम चहा ओठाला लागला तरी कळायचं नाही. आधी उजव्या बाजूने घोट घ्यायची सवय लावली. मुलीला हे फार आवडलं, कारण तिचं दूधही फुंकून, उजवीकडून.

चालणं सुरू झालं ते घरात, मग मजल्याच्या व्हरांड्यात. जिना उतरायची परवानगी मिळाल्यावर सकाळी लवकर तलावपाळीपर्यंत. शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे, पायलिंगचा आवाज सुरू व्हायच्या आत परत यायचो. मुलगी रविवारी बरोबर असायची. ती बोट धरायची ते उजव्या हाताचं, कुणी न सांगता.

साहित्य परत करायला मी स्वतः गेलो. काकूंनी बॅकरेस्टचा लाल दोरा सोडला नाही, "राहू दे, पुढच्याला उपयोगी पडेल" म्हणाल्या. आंघोळीच्या खुर्चीला चारही रबरं नवी बसवलेली दाखवली. डिपॉझिट पूर्ण परत मिळालं, रोख.

जाणाऱ्यांसाठी: दुपारी आणि रविवारी बंद असतं, सकाळी जा. डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्डाची झेरॉक्स आणि ठाण्यातल्या पत्त्याचा पुरावा लागतो. डिपॉझिटची पावती हरवू नका, त्याशिवाय पैसे मिळायला वेळ लागतो. ऑपरेशनच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी जा, बॅकरेस्ट मोजकेच आहेत. आणि काकूंनी विचारायची वाट बघू नका, घरात मूल आहे हे आधी सांगा.